नात्याच्या रकान्यात बहीण

दर वर्षी विद्यापीठाचं पत्र येतं. सामाजिक कामात उल्लेखनीय सहभाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं सुचवा, सोबत अहवाल, छायाचित्रं, कात्रणं जोडा. दुसऱ्या कॉलेजांतले माझ्यासारखे प्रभारी शिक्षक त्याच दिवशी कामाला लागतात. मी ते पत्र टेबलाच्या खणात टाकते आणि आठ-पंधरा दिवस त्या खणाला हात लावत नाही. आमचे शिपाई काशिनाथमामाही आता ओळखून आहेत. टपाल देताना ते हळूच म्हणतात, "मॅडम, शीतलताईंचं पत्र आलंय." आमच्या कॉलेजात त्या पत्राला तेच नाव पडलंय.

शीतल कुरुळीची. दिसायला चारचौघींसारखी, सावळी, काटक, उंचीनं बेताची. चालायची मात्र अशी, की तिच्याबरोबर निघालेल्या माणसाला अर्धं अंतर पळावं लागायचं. बोलताना हसू आलं तर तळहात उपडा करून तोंडावर धरायची. बी.कॉम.च्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि अकाउंटन्सीच्या तासाला सरळ झोपायची. त्या विषयात ती एकदा नापासही झाली होती. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. "मॅडम, त्या विषयाचं आणि माझं पटतच नाही," असं ती शेजारणीबद्दल बोलावं तसं सांगायची.

कॉलेजच्या सेवा पथकाची मी प्रमुख. पथक म्हणजे साठ-सत्तर मुलं, एक बॅनर आणि वर्षभराचे ठरलेले कार्यक्रम. शीतल पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती वृक्षारोपणाच्या दिवशी. प्राचार्य आले होते, बॅनर बांधला होता, रोपं ओळीनं मांडली होती. मी मुलांना खड्ड्यांजवळ उभं करत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, हे मागच्या वर्षीचेच खड्डे आहेत."

मी म्हटलं, "मग?"

"म्हणजे मागच्या वर्षीची झाडं मेली. यंदा आपण फोटो काढून गेलो की हीपण मरणार. पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा ना."

प्राचार्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला तिचा राग आला. फोटोत ती नाही, कारण ती नळ शोधायला गेली होती. पुढचे सात-आठ महिने आठवड्यातून दोनदा ती बादल्या घेऊन तिथे दिसायची. त्यातली पाच झाडं आज माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

तिचं घर एकदा पाहिलं आणि तिचा स्वभाव कुठून आला ते कळलं. पुढे दोन खोल्यांत घरचे राहायचे आणि मागे भाड्याच्या बारा खोल्या. चाकणच्या कंपन्यांत काम करणारी मुलं त्यांत राहायची. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी नांदेड-परभणीकडचा. एका खोलीत पाच-पाच जण, पाळीपाळीनं झोपणारे. आणि सगळ्यांत मिळून एक नळ. शीतल लहानपणापासून त्या नळावरच्या रांगेत उभी राहिलेली. भोजपुरीत भांडायला आणि ओडियात समजूत काढायला ती तिथेच शिकली. "आमच्या शीतलची जीब नळावरच वळलीय," तिची आई म्हणायची. "माझ्याशी मराठी बोलती ही मेहेरबानीच म्हनायची." वडील, अण्णा, एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होते. अबोल माणूस. लेकीवर फार जीव. ती बोलायला लागली की ते मान खाली घालून हसायचे.

दुसऱ्या वर्षी आम्ही महापालिकेच्या एका रुग्णालयात रक्तदान शिबिर घेतलं. मुलांनी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, फोटो झाले. दुपारी निघताना हजेरी घेतली तर शीतल नाही. शोधत गेले तर ती पुरुषांच्या वॉर्डात, टोकाच्या खाटेपाशी. खाटेवर एक बेशुद्ध माणूस होता. महामार्गावर कुठल्या तरी गाडीनं उडवलेला. केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस'. शीतलनं खाटेखालची पिशवी ओढून त्यातला त्याचा रक्तानं कडक झालेला शर्ट काढला होता आणि कॉलर उलटी करून बघत होती.

"काय करतेस?" मी ओरडलेच.

"शिंप्याची पट्टी बघतेय. आमच्या खोल्यांतली पोरं शर्ट गावाकडूनच शिवून आणतात. हे बघा."

कॉलरच्या आत बोटभर पट्टी होती. तिच्यावर हिंदीत एका टेलरचं नाव आणि खाली गावाचं. मी इतकी वर्षं शिवलेले कपडे घातले, पण त्या पट्टीचा असा काही उपयोग असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं बाराच्या बारा खोल्यांत विचारलं. त्या गावचा कुणी निघाला नाही, शेजारच्या तालुक्यातला एक निघाला. त्यानं त्याच्या मेहुण्याला फोन केला, मेहुण्यानं बाजारात जाऊन तो टेलर गाठला. टेलरनं फोटोवरून माणूस ओळखला. तिसऱ्या दिवशी त्याच्या भावाचा फोन आला आणि पाचव्या दिवशी भाऊ स्वतः आला. माणूस वाचला. थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी गावी गेला. जाताना त्यानं शीतलच्या पायांना हात लावला, तर ही इतकी संकोचली की कपाटाच्या आड जाऊन उभी राहिली.

तिथून ते सुरू झालं. रुग्णालयात कुणी अनोळखी आला की नर्सच तिला फोन करायच्या. नातेवाइकाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून ती नोंदवहीत नात्याच्या रकान्यात बिनदिक्कत 'बहीण' लिहायची. एकदा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, किती भाऊ तुला?"

"मोजलं नाही, सिस्टर. आई सांगेल," असं म्हणून ती आत पसारही झाली.

तिच्या सॅकमध्ये पुस्तकांपेक्षा दुसऱ्याच वस्तू जास्त. हिरवा प्लास्टिकचा कंगवा, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली, मोबाइलचा चार्जर. घरच्यांशी व्हिडिओ कॉल जोडून देण्याआधी ती माणसाचे केस विंचरायची, तोंड पुसायची, चादर गळ्यापर्यंत नीट ओढायची. "आई बघणार आहे ना. पोरगा असा पिंजारलेला दिसला तर तिकडं ती जेवायची नाही." प्रमाणपत्रासाठी आलेल्या मुलांना ती सगळ्यात आधी रुग्णांची नखं कापायला बसवायची. निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी यायची नाहीत. जी यायची, ती टिकली.

तिला 'समाजसेवा' हा शब्द आवडायचा नाही. मी अहवालात तसं लिहिलं की ती तोंड वाकडं करायची. "सेवा कसली, मॅडम? विचारपूस करतो आपण. गावात कुणी आजारी पडलं तर सगळे जात नाहीत का?"

सगळे वाचायचे नाहीत. काहींचा पत्ता लागायचा तोवर उशीर झालेला असायचा. मग घरी कळवायचं काम. पोलीस कळवायचेच, पण ते दोन वाक्यांत. शीतलनं ते आपल्याकडे घेतलं होतं. तिचे त्यातले नियम ठरलेले. बाई एकटी घरात असेल तर सांगायचं नाही. आधी शेजारच्या कुणाला तरी बोलवायला लावायचं. आणि जेवणाच्या वेळेआधी कधीच फोन करायचा नाही. एकदा पोलीस चौकीत हवालदार घाई करत होते, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "काका, अर्धा तास थांबा. आत्ता ते जेवत असतील. ह्या घासानंतर त्यांना कित्येक दिवस अन्न गोड लागायचं नाही." हवालदार थांबले. मी तिच्या शेजारी बाकावर बसले होते. त्या अर्ध्या तासात तिनं ओढणीच्या टोकाला पीळ घालून घालून त्याची दोरी केली होती.

फोन संपल्यावर एकदा मी म्हटलं, "तुला त्रास होतो तर सोड हे." ती म्हणाली, "त्रास त्यांना होतो, मॅडम. मला नुसतं ऐकू येतं."

तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं की शीतलचं नाव पाठवायचं. खरं सांगायचं तर त्यात तिचं कौतुक होतं तसा माझा लोभही होता. आमच्या कॉलेजला तो पुरस्कार कधी मिळाला नव्हता. मी तिला म्हटलं, फोटो दे. तिच्याकडे एकही फोटो नव्हता. तिनं मला एक वही आणून दिली. त्यात नुसती नावं, गावं आणि पुढे एकेक शब्द. 'गेला' किंवा 'घरी'.

"ह्याला पुरावा म्हणत नाहीत गं," मी म्हटलं.

"मग राहू द्या ना, मॅडम."

मी राहू दिलं नाही. एका दुपारी मीच मोबाइल घेऊन रुग्णालयात गेले.

त्या वेळी बायकांच्या वॉर्डात ललिता होती. वय पंचवीसच्या आत-बाहेर. उत्तरेकडच्या कुठल्या तरी गावातून एका माणसाबरोबर निघून आलेली. चाकणजवळ एका शेडमध्ये पॅकिंगचं काम करायची. छातीचा आजार हाताबाहेर गेला तसा तो माणूस नाहीसा झाला आणि कुणी तरी तिला रिक्षातून आणून दारात सोडलं. ही बेशुद्ध नव्हती. नाव सांगायची, गाव सांगायची, घरचा फोन नंबरही तिला पाठ होता. फक्त तो लावायला तिचा धीर होत नव्हता.

शीतलनं तो लावला. मी शेजारीच होते. पलीकडे पुरुषाचा आवाज होता. शीतलनं नाव सांगितलं, रुग्णालय सांगितलं. तो माणूस थांबून थांबून म्हणाला, "हमारे यहाँ इस नाम की कोई लड़की नहीं है." मग मागून एका बाईचा आवाज आला, अगदी हलका, "पूछिए ना, कुछ खाती है कि नहीं?" आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही. नंतर कधीच लागला नाही.

शीतल वॉर्डात परतली. ललिता उशाला टेकून दाराकडेच बघत होती. मला वाटलं, ही आता काही तरी गोड खोटं सांगेल. ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "माँ ने पूछा है, कुछ खाती हो कि नहीं." बस्, तेवढंच. ललितानं डोळे मिटले. मग बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच तिनं अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

ललिता एकूण एकोणीस दिवस होती. शीतल रोज जायची. केस विंचरायची. माझा फोटो त्यातल्याच एका दुपारचा आहे. शीतल पाठमोरी, ललिताचे लांब केस तिच्या मांडीवर पसरलेले, खिडकीतून ऊन. मी तो न विचारता काढला आणि दुसऱ्या दिवशी फाइलला लावून टाकला.

ललिता गेली ती भर दुपारी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. पोलिसांनी नियमाप्रमाणे वाट पाहिली, गावी निरोप धाडला, उत्तर आलं नाही. अंत्यसंस्काराच्या कागदावर शीतलनं नात्याच्या रकान्यात नेहमीसारखं 'बहीण' लिहिलं. चौकीतले हवालदार या वेळी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, इथं खोटं लिहू नये."

"खरी कुणी असेल तर बोलवा, काका. ती येईपर्यंत मी."

त्यांनी कागद घेतला.

स्मशानभूमीत आम्ही चौघंच. मी, शीतल, हवालदार आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. तिथला कर्मचारी म्हणाला, "घरचं कोण? पुढं या." मी जागची हलले नाही. शीतलनं सॅक माझ्या हातात दिली, पायातल्या चपला काढल्या आणि पुढे गेली. तिनं कापूर पेटवला, ललिताच्या छातीवर ठेवला, हात जोडले. त्यानंतर विद्युतदाहिनीचं दार बंद झालं. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तिची सॅक पोटाशी धरून. परतताना बसमध्ये ती एकच वाक्य बोलली. "किती सुंदर केस होते, मॅडम, आणि मला तिची नीट वेणी घालायची राहिलीच."

पुरस्कार जाहीर झाला. विद्यापीठाच्या सभागृहात कार्यक्रम होता. आई काठपदराची साडी नेसून आली होती. अण्णांना दुसऱ्या शिफ्टची गाडी होती म्हणून ते ड्रायव्हरच्या पांढऱ्या ड्रेसवरच आले होते. निवेदकानं तिची ओळख 'बेवारसांची बहीण' अशी करून दिली. टाळ्या खूप पडल्या. खाली आल्यावर शीतल म्हणाली, "बेवारस कुठं होते, मॅडम? बहुतेकांच्या घरचे सापडले की." मी म्हटलं, "अगं, बोलण्याची पद्धत असते." दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मोठी बातमी आली. मथळ्यात तेच शब्द, शेजारी मी काढलेला फोटो आणि खाली सविस्तर, की या विद्यार्थिनीनं एका परक्या स्त्रीला स्वतःच्या हातांनी अग्नी दिला. तो मजकूर माझ्याच अहवालातला होता, जसाच्या तसा.

आठवड्यानं अण्णांचा फोन आला. "मॅडम, रविवारी घरी याल का? जरा अडचण हाय."

शीतलचं लग्न काही महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. मुलगा चऱ्होलीचा, निलेश. एका कंपनीत मेंटेनन्सला. शांत, हसतमुख. साखरपुड्यानंतर तो कधी कधी रुग्णालयाच्या फाटकापाशी मोटरसायकल लावून तिची वाट बघत उभा असायचा. आत मात्र यायचा नाही, त्याला फिनेलच्या वासानं मळमळायचं. शीतल त्याला त्यावरून चिडवायची. तिला तो मनापासून आवडायचा, हे तिनं न सांगताही कळायचं.

मी कुरुळीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. अण्णा फाटकातच उभे होते. त्यांनी मला कडेला घेतलं. "पाहुण्यांनी पेपर वाचला. लगीन ठरलेल्या पोरीनं मसनात जायाचं, परक्या बाईला आग द्यायाची, त्यास्नी न्हाई पटलं. म्हातारी मानसं घाबरल्यात. मोडतो म्हनत्यात." त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुमी सांगितलं तर ऐकतील. एवढंच सांगा, का ते कागदावरचं हाय. बक्षिसासाठी वाढवून लिवलेलं. मी तुमच्या पाया पडतो."

ते खरंच वाकले. मी त्यांना धरलं.

आत जाताना स्वयंपाकघराच्या दारात शीतल भेटली. पाण्याचे पेले भरत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. "तुम्ही आलात ना, मॅडम, आता मला भीती नाही," ती पुटपुटली. "तुम्ही तिथं होतात. नीट समजावून सांगाल."

बैठकीत निलेशचे वडील बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. उद्धट माणूस नव्हता, उलट मला पाहून उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बाई, तुमी शिकलेल्या. पोरगी आमाला पसंत हाय, तिच्यात खोट न्हाई. पन हे खरं हाय का, तेवढं सांगा. हिनं मसनात जाऊन आग दिली, व्हय का न्हाई?"

निलेश खाली मान घालून बसला होता. अण्णा भिंतीला टेकून उभे, दोन्ही हात छातीशी धरून.

मी म्हणाले, "त्याचं असं आहे, तात्या. विद्यापीठाला अहवाल पाठवताना आम्हाला थोडं वाढवून लिहावं लागतं. शीतल रुग्णालयात फॉर्म भरायला मदत करायची. बाकी सगळं तिथले कर्मचारी करतात."

"आन् ही बाई? फोटूतली?"

"तो नुसता फोटोसाठी काढलेला फोटो."

"म्हंजी मेलेली बाई…"

"तशी बाई कुणी नव्हतीच."

बोलून झाल्यावर मी वर पाहिलं. शीतल पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, एकेक पेला उचलून प्रत्येकाच्या पुढे ठेवला, माझ्याही. पेल्यातलं पाणी जराही हिंदकळलं नाही. मग ती आत गेली. तात्या मोठ्यानं हसले, कात्रणाचे दोन तुकडे केले आणि म्हणाले, "पेपरवालं कायबी छापत्यात राव! चला, पोहं आना."

मी स्वतःला खूप समजावलं. मुलीचं आयुष्य मार्गी लागलं. खोट्यानं कुणाचं काय बिघडलं? ललिता तर गेलेलीच होती. पिंपळे गुरवला घरी येईपर्यंत मी हे शंभर वेळा मनाशी घोकलं.

लग्नाला गेले. शीतल पाया पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही. लग्नानंतर तिनं शेवटच्या वर्षाचे उरलेले दोन पेपर दिले आणि कॉलेजशी संबंध संपला. रुग्णालयातल्या सिस्टरनी काही दिवस तिला फोन केले. मग त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं की तिचं लग्न झालं. पथकातली दुसरी मुलं जात राहिली, कमी होत गेली, आणि मग नाहीच गेली. मी सोबत जाऊन उभी राहिले असते तर कदाचित टिकली असती. मी गेले नाही. तिच्या पुरस्काराचं स्मृतिचिन्ह प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आहे. पाहुणे आले की ते दाखवतात.

त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे मागच्या हिवाळ्यात, आमच्या एका सहकारी मॅडमची वास्तुशांत होती. चऱ्होलीत, शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतीत. जेवून खाली आले आणि पार्किंगमध्ये रिक्षाची वाट बघत उभी होते, तर समोरून शीतल. हातात भाजीची पिशवी, बोटाला धरून दोन-अडीच वर्षांची मुलगी. जमिनीच्या बदल्यात तिच्या सासरच्यांना त्याच इमारतीत फ्लॅट मिळाले होते. ती जरा भरली होती. चालणं संथ झालं होतं, का कुणास ठाऊक, कदाचित मुलीच्या पावलांमुळे.

"मॅडम," ती म्हणाली आणि थांबली.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. निलेश बरा आहे. सासू-सासरे चांगले आहेत, जीव लावतात. अण्णा निवृत्त झाले. मुलगी झोपाळ्याकडे ओढत होती म्हणून तिनं तिला सोडलं, ती धावत गेली. बोलणं संपलं तरी दोघींपैकी कुणी निघालं नाही. रिक्षा आली. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी म्हणालात, तशी बाई कुणी नव्हतीच." ती पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. "माझं जाऊ द्या. माझं चांगलंच झालं, मी कुणाला दोष देत नाही. पण इथं ते नाव काढता येत नाही. निलेशला सगळं माहीत आहे, तो म्हणतो, विषय नको. मी कधी दुपारी एकटी असले की मला वाटायला लागतं, मीच मनानं रचलं की काय. तुम्ही मोठ्या, तुम्ही तिथं होतात, आणि तुम्हीच म्हणालात…"

तिनं मान वळवून झोपाळ्याकडे पाहिलं.

"होती," मी म्हणाले. "ललिता होती. एकोणीस दिवस होती. तू तिच्यासाठी पुढे झालीस आणि मी मागे उभी राहिले. मी खोटं बोलले, शीतल. मला माफ कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटत होतं, हिनं मला काही तरी बोलावं. लागेल असं काही. तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते एकदा घट्ट मिटले आणि उघडले.

"बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "तेवढं एकदा कुणाकडून तरी ऐकायचं होतं."

तेवढ्यात झोपाळ्यापाशी मुलगी पडली आणि रडायला लागली. शीतल तिकडे गेली. जमिनीवर बसून तिनं तिच्या गुडघ्याची माती झटकली, तिला कडेवर घेतलं आणि लिफ्टकडे निघाली. लिफ्टमध्ये शिरून ती वळली. मी हात वर केला. तिच्या एका हातात मुलगी होती आणि दुसऱ्यात भाजीची पिशवी, वर कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि दार मिटलं.